खाडीची तुरटी

तळखारच्या समाजमंदिरात टेबलावर दोन काचेच्या बरण्या ठेवल्या होत्या. दोन्हींत खाडीचं सारखंच गढूळ पाणी होतं. एका बरणीत नुसतं पाणी, दुसरीत मूठभर जिवंत तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. पेणच्या कॉलेजातली, प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची पाच मुलं रोह्यापर्यंत एसटीने आणि तिथून पुढे मिनीडोरने हे सगळं सामान सांभाळत आली होती. खाडीत काय राहतं, खाडीत काय मिसळतं आणि त्यातलं आपल्या ताटात काय येतं, हे गावाला शिकवायचा उपक्रम त्यांनी स्वतःच उभा केला होता. त्यांच्या श्यामला मॅडम मुद्दाम आल्या नव्हत्या. "मी आले की बायका मलाच विचारतील," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्हीच करा."

करणारी मुख्यतः मृणाली. बोलणं तिचं, आखणीही तिची. बरणीतलं पाणी निवळेपर्यंत वेळ काढायला हवा म्हणून तिने खाडीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बायकांना एकेक करून बोलावलं. पहिली उठली ती चंद्रावती. खाडीत उतरून तिसऱ्या काढायच्या आणि रोह्याच्या बाजारात नेऊन विकायच्या, यात तिचं आयुष्य गेलेलं.

"काय दिसतंय मावशी?"

"पाय हायेत गो त्याला. आनि वळवळतोय."

"असे हजारो असतात एका तांब्यात."

"ते आमाला चावतात का?"

"नाही."

"मंग तुमाला त्याचं एवढं कवतिक कशाला?"

बायका हसल्या. मागे भिंतीला टेकून चंद्रावतीची लेक नमिता बसली होती, ती सगळ्यांत जास्त हसली. तिला सातवा होता. पहिलटकरीण म्हणून नुकतीच माहेरी आली होती.

तासाभराने मृणालीने बरण्या उचलून खिडकीच्या उजेडात धरल्या. तिसऱ्या नव्हत्या त्या बरणीतलं पाणी अजून मातकटच होतं. दुसऱ्या बरणीतून मात्र पलीकडचा माणूस दिसत होता. समाजमंदिरात कुजबुज झाली. रोज हाताळायच्या जिवाचा हा गुण त्या बायकांनी असा काचेतून कधी पाहिला नव्हता. मृणालीला त्या कुजबुजीचं सुख झालं आणि त्या सुखातच तिला ते वाक्य सुचलं.

"तिसरी दिवसभर पाणी आत ओढते, साफ करते आणि बाहेर सोडते. आपण हंड्यात तुरटी फिरवतो ना? तशी ही खाडीची तुरटी."

"तुरटी," चंद्रावती शेजारणीला म्हणाली. "ऐकलंस गो? आपुन तुरटी इकतो."

पाच जणांतला साहिल बरण्यांमागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "आता गाळ कुठे गेला तेपण सांगून टाक."

"ते पुढच्या रविवारी."

"आत्ताच सांगूया. दोन वाक्यांचं काम आहे."

पण मृणालीने जिल्ह्याच्या शिबिरात शिकलेलं होतं की, माणसं परत यायला हवी असतील तर उत्तर देऊन उठू नये, प्रश्न देऊन उठावं. तिने बायकांना प्रश्न दिला. "बरणीतला गाळ मग गेला कुठे? विचार करून ठेवा. पुढच्या रविवारी सांगते." बाहेर मिनीडोरवाला हॉर्न वाजवत होता. टाळ्या पडल्या आणि मुलं निघाली.

त्या प्रश्नावर तळखारात कुणी डोकं चालवलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता. तुरटी फिरवली की गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी आपण ओतून घेतो. गाळ गेला म्हणजे गेला.

पुढच्या रविवारी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची तालीम निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी प्रत्यक्ष संमेलन. मग प्रात्यक्षिक परीक्षा आल्या, मग शिमगा आला. तळखारचा विषय निघाला की साहिल म्हणायचा, "अर्धं राहिलंय," आणि मृणाली म्हणायची, "हो रे, जायचंय."

मार्च संपताना ती रोह्याच्या बाजारात गेली, तीही गावासाठी नव्हे, प्रकल्पासाठी. पहिल्या वेळी तळखारहून आणलेल्या तिसऱ्या मॅडमनी मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. त्यांत शिसं असायला हवं त्याहून जास्त निघालं होतं. एका नमुन्यावर बोलायचं नाही, दुसरा तपासायचा, हा मॅडमचा नियम. मृणाली दुसरा नमुना घ्यायला मासळीच्या ओळीत शिरली आणि आवाज आधी तिच्या कानावर आला.

"घ्या ताई, खाडीची तुरटी! पानी साफ करते, पोटपन साफ करते. कालेजच्या पोरींनी बरणीत दाखवलंय."

चंद्रावतीसमोर तिसऱ्यांचे वाटे मांडलेले होते आणि शेजारणींपेक्षा तिच्याकडे गर्दी जास्त होती. मृणालीला बघून ती खुशीत आली. गिऱ्हाइकाला म्हणाली, "हीच ती पोरगी. इचारा तिलाच."

गिऱ्हाईक म्हणजे शर्टाच्या खिशात औषधाची चिठ्ठी असलेला एक म्हातारा. त्याने मृणालीकडे पाहिलं. मृणाली नुसती हसली. त्याने दोन वाटे घेतले.

"मावशी, तुम्ही हे काय सांगताय?"

"तूच सांगितलंस तेच. तोंड का पाडलंस? थांब, तुला घालते पिशवीत." चंद्रावतीने हात चालवता चालवता आवाज खाली आणला. "आनि नमितालापन देते. रोज सकाळी वाटीभर तिसऱ्यांचं पानी. आता नववा लागलाय तिला. आमच्यात पोटुशीला तिसऱ्या देत नाय गो, उष्ण पडतात म्हनून. माझ्या सासूने मला नऊ महिने हात लावू दिला नव्हता. पन तू दाखवलंस तवा म्हटलं, सासूला काय म्हाईत होतं? पोराचं आतलं सगळं निर्मळ झालं पायजे."

मृणालीच्या हातात पिशवी होती. तिला बोलायचं होतं ते पूर्ण वाक्य होऊन जिभेवर आलं होतं. पण समोर आणखी दोन बायका उभ्या होत्या, एकीने वाट्याला हात लावला होता आणि चंद्रावतीचं सबंध टोपलं अजून विकायचं होतं. असं चारचौघांत बोललं तर बाईचा बाजार बुडेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

"रविवारी येते मी. नीट सांगायचंय काहीतरी."

"ये की. जेवायलाच ये."

एसटी गडब सोडून पेणकडे लागली तेव्हा तिने साहिलला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आत्ता फोन कर. नमिताचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"फोनवर काय सांगू? तिला नववा आहे. घाबरली तर?"

"मग मेसेज कर. एवढंच की, ते पाणी पिऊ नका."

"मॅडम म्हणतात, दुसरा नमुना येईपर्यंत गावाला घाबरवायचं नाही. मघाशीच फोनवर बोलले, रविवारी त्या स्वतः येणार आहेत."

"मॅडमना नमिताचं सांगितलंस?"

मृणालीने सांगितलं नव्हतं. रात्रीच्या आत सांगते म्हणाली आणि त्याप्रमाणे सांगितलंही, पण सगळं नाही. "एका गरोदर बाईच्या खाण्यात येतंय," एवढंच. नमितासाठी तिने मेसेज लिहिला, 'ताई, तिसऱ्यांचं पाणी सध्या...' आणि 'सध्या'नंतर काय लिहावं हे न सुचून पुसून टाकला. रविवार काही लांब नव्हता. मधल्या प्रत्येक सकाळी तळखारात एक वाटी भरली जात होती, हे तिला माहीत होतं. सकाळी दात घासताना तिला ते आठवायचंच.

रविवारी चंद्रावतीने पाट मांडले. तांदळाची भाकरी, भात आणि ओलं खोबरं घालून केलेल्या तिसऱ्या. मॅडमना तिने कौतुकाने आधी वाढलं. श्यामला मॅडम ताटाकडे बघत राहिल्या. मृणालीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो कोरडाच चावला.

"खात का नाय गो? तुमच्या पेनला मिळत नाय असल्या."

मृणालीने ताट थोडं बाजूला सारलं.

"तिखट झाल्या?"

"मावशी, मी चुकीचं सांगितलं होतं," मृणाली म्हणाली. "तिसरी तुरटी नाही. ती गाळणं आहे."

"गाळनं?"

"चहाचं गाळणं. चहा खाली जातो तो स्वच्छ असतो. पण..."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. चंद्रावती हातातला डाव धरून तशीच उभी राहिली.

"म्हंजी चोथा आमी खाल्ला."

"पाण्यातलं जे काही आहे, कारखान्यांकडून येतं तेही, ते तिच्या अंगात साठतं. शिजवून जात नाही."

भिंतीशी बसलेल्या नमिताने पोटावरचा पदर सारखा केला. "मी रोज प्यालेय," ती म्हणाली. आजच्या सकाळची वाटी चुलीजवळ अजून उष्टीच पडलेली होती. "आता ते काढता येतं का?"

श्यामला मॅडम पुढे झाल्या. रोह्याला डॉक्टरांकडे जाऊ, रक्त तपासू, घाबरण्यासारखं काही निघेलच असं नाही, असं त्या शांतपणे सांगत होत्या. चंद्रावतीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"हे तुला तवा म्हाईत होतं? बरनी दाखवलीस तवा?"

"हो."

"मंग तवाच का नाय सांगितलंस?"

मृणालीने उत्तर शोधलं. मिनीडोर, शिबिर, तालीम, परीक्षा, दुसरा नमुना. यातलं प्रत्येक कारण खरं होतं आणि एकही या घरात उच्चारण्याजोगं नव्हतं.

"पुढच्या रविवारी सांगणार होते."

"पोट रविवारपर्यंत थांबतं व्हय गो?" चंद्रावतीने विचारलं. आवाज चढवला नाही. तिने मॅडमच्या पुढचं ताट उचललं, मग मृणालीच्या पुढचं, आणि मागच्या दारी जाऊन दोन्ही रिकामी केली.

डॉक्टरांनी नमिताचं रक्त मुंबईला पाठवलं. शिशाचा आकडा आला तो जास्त होता, पण फार जास्त नव्हता. आईला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाळाचं विचारलं तेव्हा म्हणाले, वाढताना बघत राहा. दुसऱ्या नमुन्यातही शिसं निघालं. चंद्रावतीने तिसऱ्या विकणं सोडलं आणि दुसऱ्यांकडून सुका जवळा घेऊन तो विकायला बसू लागली. त्यात ना तिला गोडी होती ना तिचा हात बसलेला होता. बाजारात ती आता ओरडत नसे. कॉलेजात मृणालीच्या प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. साहिल अभिनंदन म्हणाला आणि दोघांनीही विषय बदलला.

एप्रिलमध्ये नमिताला मुलगी झाली. मृणाली एकटीच बघायला गेली. येऊ नकोस असं कुणी म्हटलं नव्हतं, ये असंही नाही. ती उंबऱ्यात घुटमळली तेव्हा चंद्रावतीच म्हणाली, "आत ये. उन्हात का उभी?"

तिने पाणी दिलं. मग दुपट्यातलं बाळ उचलून, काही न विचारता, मृणालीच्या मांडीवर ठेवलं. बाळ जागं होतं. मृणालीने बोट पुढे केलं, ते त्याने धरलं. पकड चांगली होती. कौलाच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे ते बघत होतं.

"नीट हाय ना?" चंद्रावतीने विचारलं.

"छान आहे. दिसायला एकदम नीट आहे."

"दिसायचं नाय इचारत. दिसायचं मलापन दिसतंय."

नमिता बाजेवर उठून बसली. दोघी मृणालीकडे बघत होत्या. काहीच होणार नाही, असं म्हणणं सोपं होतं आणि ते ऐकायला त्या तयार होत्या.

"आत्ता सांगता येणार नाही, मावशी. चालायला, बोलायला लागेल तेव्हा थोडं कळेल. शाळेत जाईल तेव्हा आणखी. कदाचित काहीच नसेल. कदाचित थोडं असेल आणि ते यानेच झालं की आणखी कशाने, हेही कुणाला सांगता येणार नाही. मला तर नाहीच."

"शाळेत जाईल तवा," चंद्रावती म्हणाली. "म्हंजी तवर आमी बघत बसायचं. अडखळली, पडली, एक शब्द उशिरा बोलली, की हेच मनात येनार."

"हो."

"बरं. ह्या येळेला सगळं सांगितलंस."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मृणालीला तिथे बसणं सोपं गेलं असतं. चंद्रावतीने वाकून तिच्या मांडीवरून बाळ उचललं, बोट हळूच सोडवलं आणि नमिताकडे दिलं. नमिता पाठ करून पाजायला बसली.

अंगणातून शेजारीण ओरडली, "काय म्हनली गो पोरगी?"

"म्हाईत नाय म्हनली," चंद्रावतीने आतूनच सांगितलं.