जिन्यातले निर्मलकुमार

जळगावात सोनं जमवणारे पुष्कळ. डाळमिलवाले निर्मलकुमार चेहरे जमवत. जुन्या घरांच्या पाडापाडीत निघालेल्या चिनी मातीच्या टाइल्स, त्यांवर नथवाल्या राण्या, मिशाळ सरदार, गोऱ्या मडमा. धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंतच्या भिंती त्यांनी उकरून आणल्या होत्या. टाइल हातात आली की ती कोणत्या चित्रकाराची, हे ते बेधडक ठोकून देत. चहा चांगला मिळत असल्यामुळे पाहुणे माना डोलवत.

पण बाजारात आपल्याला कुणी विचारत नाही, हे शल्य काही जाईना. टाइलवर चढलेल्या माणसाला मान मिळतो, असं त्यांनी ठरवून टाकलं. धुळ्याची हेमांगी देवांच्या टाइल्स रंगवून भट्टीत भाजायची. तिच्याकडून त्यांनी आपला फेटेवाला चेहरा करून घेतला. आणि लावला कुठे? स्वतःच्या कॉम्प्लेक्सच्या जिन्यात, लोकांनी थुंकू नये म्हणून कोपऱ्यात देव बसवलेत तिथं, थेट गणपतीशेजारी!

"घरातच लावा ना," त्यांच्या पत्नी धनकुंवरबाई म्हणाल्या.

"घरात कोण बघतं मला?"

हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे देव लख्ख होते. निर्मलकुमार हनुवटीपासून फेट्यापर्यंत लाल. त्यांनी हेमांगीला बोलावून झापलं, "झिलई खराब आहे तुझी!"

तिनं ओल्या फडक्यानं चेहरा पुसला. "झिलई चांगली आहे, भाऊ. गणपतीही माझ्याच भट्टीतला. त्याच्यावर कुणी थुंकत नाही."

"मग मलाही तसंच काहीतरी कर!"

तिनं नवी टाइल आणली. डोक्यामागे सोनेरी वलय, गळ्यात झेंडूचा हार. पिचकाऱ्या त्या दिवसापासून बंद! निर्मलकुमार हरखले. कारण नसताना जिना चढू-उतरू लागले.

एका दुपारी साक्रीकडचे दोन शेतकरी त्यांच्यापुढे चढत होते. एकानं पानानं भरलेलं तोंड कोपऱ्याकडे वळवलं. दुसऱ्यानं त्याचा दंड धरला.

"तठे नको थुकू! मरेल माणूस शे तो. हार दखात नही का?"

पहिल्यानं तोंडातलं तसंच गिळलं आणि त्या 'मेलेल्या' माणसाच्या टाइलला हात जोडले.

नेमका तेव्हाच निर्मलकुमारांना खोकला आला. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि तितकीच भीती. खोकलो तर हे मागं बघतील. तोंडावर रुमाल दाबून, भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले, दोघे वर जाईपर्यंत.