काळी एकमधला गुडघा

माझ्या सासऱ्यांचा डावा गुडघा गातो, हे मी कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून आधीच सांगते, माझं डोकं ठिकाणावर आहे. तापतं लवकर, पण ठिकाणावर आहे.

सासऱ्यांनी आयुष्यभर लोकांचे पियानो सुरात लावून दिले. हात थरथरायला लागले तसं काम सुटलं आणि ते खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसले ते बसलेच. अकरा महिने! जेवण ठेवलं तर जेवायचे, विसरलं तर तक्रार नाही. नवरा म्हणायचा, "वय झालंय, बसू दे." मला मात्र ते बघवत नसे.

एके सकाळी रक्त तपासायला म्हणून मी त्यांना हाताला धरून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवत होते. सातव्या पायरीवर त्यांच्या गुडघ्यातून बारीक शीळ आली. सासरे थांबले. एक पायरी वर चढले, पुन्हा उतरले. पुन्हा शीळ.

"सूनबाई, काळी एक!" ते ओरडले. "पेटीवरची अगदी स्वच्छ काळी एक! चाळीस वर्षं खिशात सूर जुळवायचा चिमटा घेऊन हिंडलो, आणि सूर इथे, पायजम्यात!"

रक्त राहिलं बाजूला. दिवसभरात त्यांनी बावीस वेळा जिना केला, घामाने निथळत आणि गालातल्या गालात हसत. दुसऱ्या दिवशी ते तळमजल्यावरच्या नृत्यशाळेत घुसले, शिक्षिकेसमोर गुडघा वाकवला आणि तिचा पियानो उतरलाय असं जाहीर केलं. ती बिचारी नको नको म्हणत असताना त्यांनी तो गुडघ्याबरहुकूम लावून दिला. हात जरासुद्धा थरथरले नाहीत.

संध्याकाळी मात्र दिवसभराच्या वापराने गुडघा अर्धा सूर खाली यायचा. कोणीही म्हणेल, गुडघा बिघडला. सासरे म्हणाले, पियानो चढला. "हाड खोटं बोलत नाही, सूनबाई. लाकूड फुगतं." मग काय, सकाळी पियानो वर, संध्याकाळी खाली. शिक्षिकेने आधी कपाळावर हात मारला, मग त्यांच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं.

आठवड्याने गुडघा भोपळ्याएवढा सुजला. माझं डोकं फिरलं. त्यांना दामटून झोपवलं, मलम चोळलं, घट्ट पट्टी बांधली आणि चार दिवस जिना बंद केला. पट्टी सोडली तर सूज गेलेली, आणि आवाजही गेलेला. सासऱ्यांनी दहा वेळा गुडघा वाकवून पाहिला. मग ते खुर्चीत जाऊन बसले, खिडकीकडे पाठ करून.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तीन दिवस मला अन्न गोड लागेना. नवऱ्याने "बसू दे" म्हणायला तोंड उघडलं, तर माझा चेहरा बघून मिटलं. चौथ्या दिवशी मी त्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा घसा ताणला.

"उठा, बाबा! ती नृत्यशाळेची बाई दोनदा तुम्हाला विचारून गेली! माझं चुकलं, हजारदा चुकलं, पण असे बसू नका! उठा!"

शेवटच्या शब्दाला माझा जबडा कानाजवळ टक्कन वाजला. फार मोठ्याने ओरडलं की वाजतो तो.

सासऱ्यांनी मान वर केली.

"पुन्हा बोल."

"काय?"

"तेच. जसंच्या तसं. पांढरी तीन वाटतेय, पण खात्री करायला हवी."

या घरात येऊन मला नऊ वर्षं झाली. माझं ओरडणं दुसऱ्यांदा ऐकायला आजवर कोणी मागितलं नव्हतं. डोळे भरून आले, पण गळा दाटला तर जबडा कसला वाजतोय! मी नाक पुसलं आणि पहिल्या "उठा"पासून सुरुवात केली. ते एव्हाना चपला शोधत होते.