कोपऱ्यावरच्या खांबाचे तीन तुकडे

एक निळी रेघ, तिच्याखाली रंगवलेले २०१९.

पैलवानाचा मागे रोवलेला पाय.

एकाच बाहीचा फ्रॉक.

लॅपटॉपच्या पडद्यावर हळूहळू वळणारा बाण.

मित्रांनो, हे सगळे माझेच आहे. मी एक जुना खांब होतो. आता मी गावाबाहेर, कळंब्याच्या पुढे एका खड्ड्यात तीन तुकड्यांत पडून आहे, म्हणून गोष्टही तुकड्यांतच सांगतो.

*

माझा जन्म कोल्हापुरात, नदीकडे तोंड केलेल्या एका तीन मजली इमारतीत झाला. तळाला दुकाने, वर बिऱ्हाडे. दुकानांची शटरे रुंद हवीत, म्हणून आम्हा सगळ्या खांबांची अरुंद बाजू समोर ठेवली आणि लांब बाजू आत वळवली. आपल्याकडे दुकाने अशीच बांधतात. मी कोपऱ्यावर होतो. मधल्या खांबांना चारही दिशांना सोबती असतात. कोपऱ्याला दोनच.

*

२००५ साली पूर आला. पाणी नदीकडून आले आणि थेट माझ्या अरुंद बाजूवर आपटले. मागे माझी सगळी लांबी पाय रोवून उभी होती. समोरून रेटले तर पैलवान हलत नाही, तसा मी हललो नाही. पाणी ओसरल्यावर इमारतीचे मालक, आबा, यांनी माझ्या अंगावर निळी रेघ ओढली आणि खाली साल लिहिले. पुढच्या महापुरांच्या रेघा त्यांच्या मुलाने, विजयसिंहांनी ओढल्या. लोक फोटो काढायला येत. कुणीतरी माझ्या गळ्यात हारही घातला होता.

आबा गेले. रेघ राहिली.

*

माझ्या पायथ्याशी इमामबींचे शिवणकामाचे दुकान होते. त्या मला पाठ टेकून मशीन चालवायच्या. दुपारी त्यांची नात जोया शाळेतून येऊन तिथेच डबा खायची.

"आमचं मालक असंच बळकट दिसायचं," इमामबी नवऱ्याच्या आठवणीने गिऱ्हाइकांना सांगत. "त्ये गेलं. ह्यो हाय अजून."

*

मग पुरात भिजलेल्या जुन्या इमारती तपासायचे ठरले. विजयसिंहांची भाची संयोगिता इंजिनिअर होती, तीच आली. तिने माझी मापे घेतली, दोन दिवसांनी लॅपटॉप आणला आणि मामांना इमामबींच्या स्टुलावर बसवले.

पडद्यावर आमची इमारत होती, काड्यांची. बाजूला एक बाण. तो बाण म्हणजे भूकंपात जमिनीचा बसणारा धक्का.

"हा नदीकडून धक्का. सगळे खांब हिरवे," ती म्हणाली. "हा रस्त्याच्या बाजूनं. तरी हिरवे."

"झालं की मग. उबा पास, आडवा पास."

"आता बघा."

तिने बाण थोडा थोडा वळवायला सुरुवात केली. बाण तिरका होत गेला आणि मी पिवळा झालो, मग तांबडा. मी एकटाच.

विजयसिंह हसले. "तू बाण फिरवलास म्हणून तांबडा झाला, पोरी. फिरवू नगंस."

"मामा, भूकंप काय शटर बघून येतोय? तिरका आला की दोन्हीकडचा ताण एका दमात ह्या कोपऱ्यावर पडतोय. ह्याच्याभोवती सळ्या बांधून काँक्रीटचा थर चढवूया. पंधरवड्याचं काम हाय."

"आणि रेघा?"

तिने रेघांवरून बोट फिरवले.

"आबांच्या हातची रेघ हाय ती. काँक्रीटमधी गाडू व्हय? ह्यो खांब तीन महापुरात हलला न्हाय."

"पाणी समोरनं आलतं, मामा. ह्याची ताकद त्याच बाजूला हाय."

विजयसिंहांनी इमामबींकडे पाहिले. "तुम्हीच सांगा, भाभी. भ्या वाटतंय का इथं?"

इमामबींनी दाताने दोरा तोडला. "ह्याच्यापाशी न्हाय बसायचं तर कुठं बसू? पुरात आम्ही वरच्या मजल्यावर जिवंत राहिलो त्ये ह्याच्याच जिवावर की."

संयोगिताने लॅपटॉप मिटला. पुढच्या महिन्यात ती परत आली, दिवाळीतही आली. मामांनी तिला फराळ दिला. मला थर मिळाला नाही.

*

मग एक दिवस भूकंप झाला. तो मोठा नव्हता. पलीकडच्या गल्लीत फक्त फडताळातली भांडी पडली. पण जमीन नदीच्या बाजूने हलली नाही आणि रस्त्याच्या बाजूनेही हलली नाही. ती या दोन्हींच्या मधून हलली. वेगवेगळे तपासून पास झालेले दोन धक्के माझ्यात एकाच वेळी शिरले आणि वरचे मजले माझ्याकडे कलले. पैलवानाचा पाय मागे रोवलेला होता. धक्का समोरून आलाच नाही.

मी आधी रेघांच्या खाली तुटलो, मग वर. इमारतीचा एक कोपरा खाली आला. बाकीचे खांब उभे राहिले. वरच्या बिऱ्हाडातली माणसे बाहेर गेली होती. इमामबी जोयाच्या फ्रॉकची दुसरी बाही लावत होत्या.

त्यांना बाहेर काढले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि त्या जिवंत नव्हत्या. विजयसिंह माझ्या मधल्या तुकड्यापाशी बसले होते. जोया दप्तरासकट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही म्हणालता ह्यो हलत न्हाय."

त्यांनी रेघेवरचा हात काढून घेतला. संयोगिता तिथेच होती. ती पोरीला घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेली.

*

मित्रांनो, मी दगड-वाळूचा आहे, मला रडता येत नाही. एवढेच मागतो. तुमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर माझ्यासारखा कुणी उभा असेल. तो एका बाजूने टिकला म्हणून त्याला हार घालू नका. त्याच्यासाठी बाण सगळीकडून फिरवून पाहिला का, असे मोठ्यांना विचारा. तांबडा रंग दिसला तर रेघा झाकल्या जातील, फोटो जातील. जाऊ द्या.

संयोगिता मापे घ्यायला आली, त्या दिवशी इमामबींनी तिला जागा करून द्यायला मशीन माझ्यापासून हातभर लांब सरकवले होते, आणि ती गेल्यावर माझ्याच भरवशावर परत मला टेकवले.