मधली ओळ

समजा,

शांभवीला गणित येत नाही. असं दुसरं कुणी म्हटलेलं नाही, तिनंच ठरवलंय. चंदगडहून कोल्हापूरला ती आली गणितासाठीच. आता बीएस्सीचं दुसरं वर्ष संपत आलंय आणि हातात अर्ज आहे, तिसऱ्या वर्षाला गणित सोडून रसायनशास्त्र घेण्याचा. सोमशेखर सरांची सही घ्यायची आणि पाचच्या आत ऑफिसच्या खिडकीत द्यायचा. शेवटचा दिवस.

कारण,

चाचणीत एक सिद्धता आली होती. वर्गात सगळ्यांना आठपैकी आठ, शांभवीला तीन. सगळ्यांनी सीनियरांच्या नोट्समधलं उतरवलं होतं, झेरॉक्सची झेरॉक्स. शांभवी पाचव्या ओळीला थांबली. सहावी तिला पाठ होती. पण पाचवीवरून सहावी आली कशी, ते कळेना, आणि हातच पुढं सरकेना.

"सगळं समजून घ्यायला बसलीस तर म्हातारी होशील," रूममेट संयोगिता म्हणाली होती. "छाप की गुमान!"

म्हणून,

ती सरांसमोर उभी. सरांनी अर्ज वाचला, पेन उघडलं, मग विचारलं, "अडलं कुठं, ते तरी सांग."

"आकड्यांच्या सिक्वेन्समध्ये एका टर्मपासून पुढच्या सगळ्या टर्म मर्यादेत राहतात, इथवर कळतंय सर. लगेच खाली म्हणतात, अख्खी सिक्वेन्स मर्यादेत. मग आधीच्या टर्मचं काय? त्यांच्याकडं कुणी बघायचं?"

सरांनी तिच्याकडच्या त्याच झेरॉक्स नोट्स ओढून घेतल्या. पान संपतं तिथं, तळाशी, अक्षरांचे नुसते शेंडे दिसत होते. झेरॉक्स काढताना एक ओळ कापली गेली होती. कधी, कुणास ठाऊक.

परंतु,

सरांनी चाचणीचा गठ्ठा सोडला. एक पेपर, दुसरा, दहावा. ती ओळ एकातही नव्हती. प्रत्येकावर त्यांच्याच हातानं दिलेले आठ.

"मीपण वाचतच नव्हतो की गं," सर हळूच म्हणाले. पेन मिटलं. "हे बघ, ती ओळ अशी..."

"थांबा सर. सांगू नका."

तिनं खडू घेतला. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पाच वाजून गेले. तिच्या ध्यानात आलं नाही. सरांच्या आलं, पण ते बोलले नाहीत. शिपाई पिराजी किल्ल्या वाजवत दारात आला. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. तोही उभा राहिला, फळ्याकडं बघत.

"सर! आधीच्या मोजक्याच हायत की! त्यांतली सगळ्यात मोठी धरायची. बास!"



"व्हय की," पिराजी म्हणाला.