टाकीतलं भूत

"पाय धरा! आधी पाय धरा तिचे!"

मास्तुराने ओरडतच झालेहाला टाकीच्या कडेवरून मागे ओढलं. आत पडलेली सर्किटची पट्टी काढायला पोरगी वाकली, ती वाकलेलीच राहिली होती. ओठ निळे पडले होते. व्हरांड्यात आणून निजवल्यावर तिने हातपाय झाडले, हसली, मग रडू लागली.

"तिसऱ्यांदा आलं हिच्या अंगात," कुणीतरी कुजबुजलं.

मलेशियातल्या बायान लेपासच्या त्या कारखान्यात मुलींच्या अंगात येणं नवं नव्हतं. तिसऱ्यांदा आलं की घरी पाठवत. मग गावी, केदाहच्या खेड्यात, अशा मुलीला कुणी सून करून घेत नसे.

टाकीत सर्किटं धुवायचं रसायन उकळत असे. त्याला धड वास नाही, ते पेटत नाही, हात भाजत नाही. मुली त्याने कपड्यांवरचे तेलाचे डागसुद्धा काढत. त्याची वाफ मात्र हवेपेक्षा जड. टाकीच्या तोंडाशी गार पाण्याच्या नळ्या होत्या, त्या वाफेला थोपवून परत खाली पाडत. पाणीटंचाईमुळे सकाळपासून ते पाणी बंद होतं.

"साहेब, नळ्या कोमट झाल्यात," लाइन सांभाळणारी मास्तुरा व्यवस्थापक खूंना म्हणाली.

"ते विषारी नाही, बाई. मांत्रिकाला बोलावलंय. दुपारी लाइन सुरू झाली पाहिजे."

पाक दोल्लाह नावाचा म्हातारा मांत्रिक आला. मंत्र पुटपुटत त्याने धूपदाणी टाकीच्या तोंडात उतरवली. धूर वर जाईना; आडवा पसरला आणि कडेवरून जमिनीकडे ओघळला. निखारे काळे पडले. तापल्या निखाऱ्यांवर वाफेचा झोंबरा दर्प उठला, म्हातारा खोकत मागे सरला. मुली किंचाळल्या.

"जबर आहे हो," डोळे पुसत तो म्हणाला. "पोरीवरच डोळा आहे त्याचा. काढा तिला इथून."

मास्तुराने धूपदाणी उचलली. बाहेर नेऊन निखारे फुंकून लाल केले आणि सगळ्यांसमोर, मंत्राबिंत्रावाचून, परत आत सोडली. निखारे परत विझले.

"साहेब, कोळशाच्याही अंगात येतं का हो?"

एक मुलगी फिस्सकन हसली. खूंनी चष्मा पुसला, आणि पाणी सोडायला माणूस धाडला.

"पण पोरीला पाठवावंच लागेल. हिच्याशेजारी बसायला कोण तयार आहे, तूच विचार."

मास्तुराने मुलींकडे पाहिलं. एकीनेही मान वर केली नाही.

झालेहाची आई न्यायला आली. बसथांब्यावर तिने मास्तुराला बाजूला घेतलं. "खरं सांग हं. गेलं ना भूत?"

"भूत नव्हतंच, मावशी. टाकीतल्या वाफेनं गुदमरली ती. हवाच मिळाली नाही."

"गावात असं सांगू?"

"सांगा. नाही पटलं कुणाला, तर मला बोलवा. मी येते."

आईने मान डोलावली. बस आली. लेकीच्या मनगटावर मांत्रिकाने बांधलेला काळा दोरा होता. चढण्याआधी आईने झालेहाची बाही खाली ओढून त्यावर घेतली, आणि नीट झाकला गेलाय ना, ते पुन्हा एकदा पाहिलं.