तेहतिसावी खोली

मित्रांनो, मी एक जुनी मेमरी चिप आहे, नखाएवढी. आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. पापणी लवायच्या आत मी कोरी होऊ शकते, आणि कोरी झाल्याचं मला ओरडून सांगताही येत नाही.

माझी पहिली नोकरी बसच्या तिकीट मशीनमध्ये होती. गगनबावड्याच्या पावसाचं पाणी मशीनमध्ये शिरलं आणि मी भंगारात गेले. तिथून मला संघप्रियानं उचललं. ती कॉम्प्युटर शिकत होती. तिचे वडील धम्मपाल गगनबावडा गाडीचे ड्रायव्हर. त्यांचे दोस्त पिराजी, फाउंड्रीतून निवृत्त झालेले. गाडी रंकाळा स्टँडवर लागली की चहाच्या गाड्याशी वीस मिनिटं दोघांचा बुद्धिबळाचा डाव चाले. मग अर्ध्या डावावरच पट गुंडाळायचा, आणि दुसऱ्या दिवशी मोहरी परत मांडताना भांडण ठरलेलं.

"धम्मा, माझा उंट हितं हुता की!"

"सपनात हुता काय, पिराजीभाऊ?"

हे भांडण मिटावं म्हणून संघप्रियानं मला बटणं आणि दिवा असलेल्या एका डबीत बसवलं. चाल खेळली की बटण दाबून ती मला कळवायची; नियमात बसत नसली की लाल दिवा लागायचा. माझ्याकडे जागा जेमतेम. पटाची घरं चौसष्ट, म्हणून तिनं माझ्या एकेका खोलीत दोन-दोन घरं कोंबली. घर रिकामं आहे की त्यात कुठलं मोहरं आहे, एवढं सांगायला चार बारीक खुणा पुरतात. बत्तीस खोल्यांत अख्खा पट मावला. तेहतिसाव्या खोलीत चाल कुणाची ते, आणि कुठल्या राजाची उडी शिल्लक आहे ते.

ही उडी तुम्हाला ठाऊक नसेल. पिराजी आणि धम्मपाल जुन्या पद्धतीनं खेळतात. राजाला एकदाही शह लागला नसेल, तर त्याला डावात एकदाच घोड्यासारखं उडता येतं. त्यांच्या खेळात किल्लेकोट, म्हणजे जागचा न हललेला राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल, नाही. म्हणून कॉम्प्युटरवर डाव लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत किल्लेकोटाची खूण जिथं असते, तिथंच संघप्रियानं उडीची खूण ठेवली. काटकसर झाली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, माझंही केलं. पण ती खूण काय सांगते, हे तिनं कुठंच लिहून ठेवलं नाही.

खेळ संपला की डबी पिराजींच्या घरी जाते. मागच्या महिन्यात तिथं त्यांचे जावई राजवर्धन आले. त्यांनी डबी हातात घेतली आणि माझा थरकाप उडाला.

"मामा, मोबाईलला जोडतो. पट मोठा दिसंल."

"जोडा की पावणं. पर डाव हलाय नगो."

तार लागली. मोबाईलनं माझ्या खोल्या एकेक करून तपासल्या. बत्तीस ठीक. तेहतिसावीत किल्लेकोटाची खूण, आणि पटावर राजा तर केव्हाच आपलं घर सोडून पुढं आलेला! असं होऊच शकत नाही, असं मोबाईलनं परस्पर ठरवलं. खूण पुसली आणि पडद्यावर लिहिलं, 'चूक दुरुस्त केली.' राजवर्धन खूश झाले. मी मात्र भीतीनं गारठून गेले. पिराजींची उडी गेली होती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी धम्मपालांनी हत्ती सरकवला. पुढच्या चालीला मात. पिराजी हसले. उडीसाठी तर त्यांनी राजा इतके दिवस जपला होता. त्यांनी बटण दाबलं आणि लाल दिवा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल.

भोवती माणसं जमली. "मशीन खोटं बोलंल व्हय? म्हाताऱ्यानं उडी आदीच मारली आसंल!"

पिराजींना हरण्याचं काही वाटत नसे. खोटारडा म्हटलेलं मात्र सोसत नसे. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी लाल दिव्याखाली गप्प पडले होते. त्या वेळेइतकी मी कधीच घाबरले नव्हते.

धम्मपालांनी डबी उचलून बाजूला ठेवली.

"त्येनं उडी मारल्याली न्हाय. आन् मी त्येला शह बी दिल्याला न्हाय. ह्यो डाव सुरू झाल्यापास्नं समोर बसलोय की मी! पिराजीभाऊ, घ्या उडी."

पिराजींनी पटावर राजा हातानं उचलून अडीच घरं नेला. पुढं तीन दिवसांनी ते तो डाव हरले, आणि हसत हसत हरले.

संघप्रियानं खूण परत लिहिली. आता डबीच्या झाकणाला आतून कागद चिकटवला आहे, 'ही उडीची खूण आहे. विचारल्याशिवाय पुसू नये.' तरी झाकण उघडलं की मी आधी तेहतिसावी खोली चाचपून बघते. मित्रांनो, जुन्या वस्तूत एखादी खूण चुकीची वाटली, तर पुसण्याआधी ती ठेवणाऱ्या माणसाला विचारा. धम्मपाल येत्या महिन्यात निवृत्त होणार आहेत. मग रंकाळा स्टँडवर समोर कोण बसेल, याचीच मला भीती वाटते. कागद वाचता येतो, पण साक्ष माणूसच देतो.