पुसणं कुठवर आलं होतं

टॅन्सी गायीच्या घोट्यावरची सूज गोठ्याच्या मालकाने, कॉल पर्टेलने, बोटाने दाबून दाखवली. "हे तुझ्या यंत्राच्या हाताचं काम. गायीने लाथ उगारली तरी तो मागे आला नाही. आज दुपारच्या धारा नीट झाल्या नाहीत, तर उद्या यंत्र ट्रकवर चढवून परत पाठवतो बघ."

"आमच्या चाचण्यांत इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला त्याला सरासरी दोन मिलिसेकंद लागत होते," मेरिन म्हणाली.

"सरासरी गाय लाथ मारत नाही, मेरिन."

चूक तिचीच होती. धारा काढणाऱ्या यंत्राचं कर्नेल, म्हणजे बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमांना पाळी नेमून देणारा आतला प्रोग्रॅम, तिनेच लिहिलं होतं. सडांना नळ्या लागल्या की कॅमेऱ्याचं काम संपे आणि कर्नेल त्याची मेमरी पुसायला घेई. सलग, जवळजवळ अर्धा सेकंद. तेवढा वेळ गायीची हालचाल टिपणाऱ्या पायाखालच्या पत्र्याने कितीही इशारे दिले तरी ते दाराबाहेर ताटकळत.

तिने दूधघरात उलट्या बादलीवर बसून बदल केला. आता पुसणं तुकड्यातुकड्याने. प्रत्येक तुकड्यानंतर इशारा आलाय का बघायचं, आला असेल तर पुसणं सोडून आधी तो हाताळायचा.

दुपारी टॅन्सी आत आली. नळ्या लागल्या, तिने पाय उचलला आणि हात तत्क्षणी मागे सरला.

"हं," कॉल म्हणाला.

हात पुन्हा पुढे आला, धार पूर्ण झाली. पण फाटक उघडेना. टॅन्सी कंटाळून पाय आपटू लागली. मागे ऐंशी गायी उभ्या होत्या.

"वा! आधी हात झोपला होता, आता फाटक झोपलं. अशी कामं वाटून दिलीस होय?"

मेरिनने पडद्यावर पाहिलं. पुसणं चालू होतं, सारखं चालूच होतं. मेमरी मोकळी झाल्याशिवाय फाटक उघडत नसे. टॅन्सी हलली की इशारा येई, पुसणं थांबे, आणि परत सुरू होई ते पहिल्या तुकड्यापासून. फाटक उघडेना म्हणून गाय हलत होती, गाय हलत होती म्हणून फाटक उघडत नव्हतं. थांबायचं कसं ते तिने लिहिलं होतं. कुठवर आलो होतो ते लिहून ठेवायचं राहिलं होतं.

"कॉल, तिला हाताने सोड. मला दहा मिनिटं दे."

"आठ."

एक आकडा जपायचा होता, शेवटच्या पुसलेल्या तुकड्याचा. तिने तो जपला, दोनदा तपासला, यंत्र पुन्हा सुरू केलं.

कॉलने मुद्दाम टॅन्सीलाच परत आत घातलं. नळ्या लागताच ती नाचली. हात मागे सरला, पुन्हा पुढे आला. उरलंसुरलं दूध निघालं आणि ती पाय आपटत असतानाच फाटक उघडलं.

मेरिनने पडद्यावरचा सर्वांत मोठा आकडा वाचला. "जास्तीत जास्त तीन मिलिसेकंद. सरासरी सांगत नाही."

कॉलने पुढच्या गायीच्या पाठीवर थाप मारली. "सगळ्या होईपर्यंत इथेच थांब," तो म्हणाला. "आणि ट्रकवाल्याला फोन करून सांग, उद्या नको म्हणून."